टूरिंगसाठी हँडल बदलताना : आधी मनगट, मग उंची

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. गाडी रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५०, आपली उंची ५ फूट ६ इंच, आणि पुण्याहून गोकर्णला मागे जोडीदार व सामान घेऊन जायचे आहे. सलग दोन तास चालवल्यावर दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर होते, खांद्यांच्या पात्यांमध्ये पाठ आखडते, आणि ॲक्सेसरीच्या दुकानात आपल्याला क्रूझरला असते तसे उंच व बरेच मागे वळलेले हँडल सुचवले गेले आहे. ते घ्यावे का, आणि नसेल तर कोणते घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांची बैठक चालवणाऱ्याच्या अंगाला जुळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे की ते हँडल आपण घेऊ नये, आणि उंची हा आपल्या शोधाचा पहिला निकष नसावा. मुठीवर हात ठेवल्यावर मनगट किती सरळ राहते, हा पहिला निकष असावा. उंची, रुंदी आणि धातू हे त्यानंतरचे विषय आहेत.

दुखणे कुठे होते यावरून पुष्कळ काही कळते, म्हणून तिथून सुरुवात करतो. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडील बाजू यांची संवेदना अल्नर या मज्जातंतूकडे असते. तो कोपराच्या आतल्या बाजूने उतरून मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्यातून बोटांत जातो. मूठ धरताना शरीराचा भार याच उंचवट्यावर पडत राहिला आणि त्यातून इंजिनाची थरथर जात राहिली, की नेमकी ही दोन बोटे मुंग्या आल्यासारखी होतात. याउलट अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगट वर किंवा खाली वाकलेले राहून मीडियन मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता अधिक असते, आणि तिथे बहुधा क्लच व ब्रेकच्या लिव्हरचा कोन चुकलेला असतो. पात्यांमधली आखड सहसा हात फार लांब किंवा फार रुंद पसरावे लागल्याने येते. मान दुखत असेल तर हँडल खाली असते. माकडहाड दुखत असेल तर बहुधा शरीर गरजेपेक्षा ताठ बसलेले असते आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का सरळ मणक्यात चढत असतो. आपल्या तक्रारीत पहिली आणि तिसरी खूण एकत्र आहे, म्हणजे भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर आहे आणि हात थोडे लांब जात आहेत. गाडीवरून उतरल्यावर तासाभरात बधिरपणा जात नसेल, किंवा रात्री झोपेतही बोटांना मुंग्या येत असतील, तर हँडलच्या खरेदीआधी डॉक्टरांना हात दाखवावा. त्या अवस्थेत कोणतेही हँडल हा उपाय नसतो.

आता ते सुचवलेले हँडल का नको, ते सांगतो. क्रूझरवर पाय पुढे असतात, बैठक खोल असते, त्यामुळे छाती मागे झुकते आणि मुठी पोटाकडे आलेल्या असल्या तरी कोपर शरीराच्या पुढेच राहते. इंटरसेप्टरचे फूटपेग मात्र क्रूझरसारखे पुढे नाहीत, ते जवळजवळ बैठकीखाली आहेत. पाय तिथे ठेवून मुठी तेवढ्या मागे आणल्या की कोपरे बरगड्यांच्या मागे जाऊ लागतात, मनगटे बाहेरच्या बाजूला वाकतात, आणि तळहाताच्या करंगळीकडील कडेवरचा भार उलट वाढतो, म्हणजे आपले मूळ दुखणेच बळावते. दुसरी अडचण वळणावर येते. हुबळीहून अंकोल्याकडे उतरताना आरबैल घाटात, किंवा आपल्याकडे वरंध्यात, एखादे वळण इतके आखूड असते की हँडल जवळजवळ पूर्ण वळवावे लागते. फार मागे आलेल्या हँडलची आतली मूठ अशा वेळी मांडीला किंवा टाकीला अडते, आणि नेमक्या त्या क्षणी क्लच सोडायला हाताला जागा उरत नाही. सामान आणि मागे माणूस असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही.

पैसे खर्च करण्याआधी जे फुकटात होते ते आधी करावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण हँडल बदलायला आलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांचे काम इथेच संपते. हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या पकडीचे, म्हणजे क्लॅम्पचे, चार बोल्ट ढिले करून आहे तेच हँडल थोडे फिरवून पाहावे. मुठी क्लॅम्पच्या साधारण १०० मिलिमीटर वर असतील, तर हँडल ५ अंश आपल्याकडे फिरवल्यावर त्या जवळपास ९ मिलिमीटर मागे येतात. हे थोडे वाटेल, पण हात ताणलेला असताना एवढ्यानेही कोपर मोकळे होते. मात्र त्याच वेळी मुठीची बाहेरची टोके खाली जातात, म्हणजे मागे वळलेला भाग १५० मिलिमीटर असेल तर सुमारे १३ मिलिमीटरने. म्हणून फिरवण्याला मर्यादा आहे : मुठी उताराला लागल्या की हात बाहेर घसरू लागतो आणि भार पुन्हा त्याच कडेवर जातो. हँडल फिरवले की दोन्ही लिव्हर स्वतंत्रपणे पुन्हा लावावेत. बैठकीवर नेहमीसारखे बसून, बोटे सरळ करून लिव्हरवर ठेवली असता कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बाजूने एक सरळ रेष दिसली पाहिजे. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांवर लिव्हर अनेकदा आडवे असतात, त्यामुळे शहरात क्लच दाबताना दर वेळी मनगट वर उचलले जाते आणि दिवसाअखेर पंजा भरून येतो.

बैठकीचा उतारही इथेच तपासावा. सीट पुढे झुकलेली असेल, किंवा तिचा फोम पुढच्या बाजूला दबला असेल, तर प्रत्येक ब्रेकला शरीर टाकीकडे सरकते आणि ते थोपवण्याचे काम तळहात करतात. चालवणाऱ्याला वाटते की हँडल खाली आहे. खरे तर तो सीटवरून घसरत असतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावून गुडघ्यांनी टाकी धरण्याची सवय केली, तरी हातांवरचा भार लक्षणीय कमी होतो. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर साताऱ्यापासून बेळगावपर्यंत ॲक्सिलरेटर एकाच जागी धरून राहावे लागते, त्यामुळे उजवा हात तासन्‌तास त्याच पकडीत असतो. डाव्या हाताला कुठलाही त्रास नसेल आणि फक्त उजवा दुखत असेल, तर दोष बहुधा हँडलच्या आकारात नसून या पकडीत असतो, आणि तिथे तळहाताने ॲक्सिलरेटर दाबून धरता येईल असा छोटा थ्रॉटल असिस्ट पुरतो. आपले दोन्ही हात दुखतात, म्हणून आपल्या बाबतीत भूमितीकडे पाहणे योग्यच आहे.

ती भूमिती मोजायची पद्धत सोपी आहे आणि घरी करता येते. वायरिंगला वापरतात त्या पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. गाडी मुख्य स्टँडवर किंवा कोणाकडून तरी सरळ धरून घ्यावी, हेल्मेट आणि नेहमीचे जॅकेट घालून आपल्या जागेवर बसावे, पाय फूटपेगवर ठेवावेत. मग डोळे मिटून, हँडलचा विचार न करता, दोन्ही मुठींत पाइप धरून हात पुढे अशा जागी आणावेत जिथे ते विनासायास थांबतात : खांदे खाली, कोपरे किंचित वाकलेली, मनगटे सरळ. आपल्याबरोबरच्या माणसाने या अवस्थेत एक फोटो नेमका वरून, एक समोरून आणि एक बाजूने काढावा. वरून काढलेल्या फोटोत पाइपची बाहेरची टोके मागे किती वळली आहेत ते दिसते, समोरच्या फोटोत ती खाली किती झुकली आहेत ते दिसते, आणि बाजूच्या फोटोत हात आताच्या मुठीपासून किती वर व किती मागे आहेत ते पट्टी धरून मोजता येते. हे तीन-चार वेळा करावे, कारण पहिल्यांदा माणूस नकळत सवयीच्या जागीच हात नेतो. बहुतेक लोक ५० मिलिमीटरचा फरक निघेल अशा अपेक्षेने बसतात आणि प्रत्यक्षात २० ते ३० मिलिमीटर मागे, थोडेसे वर, आणि मुठीच्या कोनात काही अंशांचा बदल, एवढेच निघते. हा छोटा आकडाच आपली खरी ऑर्डर असते.

हा आकडा हाती आल्यावर हँडल बनवणाऱ्यांचा मापांचा तक्ता वाचणे सोपे जाते. रेंथल, प्रोटेपर यांसारख्या बार, म्हणजे हँडलचा दांडा, बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक बेंडची, म्हणजे वाकाच्या प्रकाराची, मापे मिलिमीटरमध्ये देतात : एकूण रुंदी, उंची, क्लॅम्पचा सरळ भाग, आणि स्वीप म्हणजे टोक क्लॅम्पच्या मध्यापासून किती मागे आले आहे ते. इथे दोन गोष्टी नीट पाहाव्यात. उंची सगळे एकाच ठिकाणी मोजत नाहीत, काही वाकाच्या माथ्यापर्यंत मोजतात तर काही टोकापर्यंत, त्यामुळे '८० मिलिमीटर उंच' असे लिहिलेले दोन बार शेजारी ठेवले असता एकाची मूठ दुसऱ्यापेक्षा ठळकपणे खाली असू शकते. दुसरे, स्वीपचा आकडा टोकाची जागा सांगतो, मुठीचा कोन सांगत नाही. लांबून हळूहळू वळलेला बार आणि शेवटी एकदम वळलेला बार यांचे टोक एकाच जागी येऊ शकते, पण मनगटाला ते दोन निराळे बार असतात. म्हणून आपल्या गाडीचे सध्याचे हँडल उतरवून, मोठ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने वरून व समोरून त्याची रूपरेषा काढावी, आणि नव्या बारचा आकार त्यावर ठेवूनच तुलना करावी. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत दुकानातून प्रत्यक्ष घेणार असाल, तर तो कागद गुंडाळून सोबत न्यावा. दुकानदाराला याची सवय नसते, पण कोणी हरकत घेत नाही.

रुंदीबद्दल लोक कमी विचार करतात आणि तिथेच पात्यांची आखड दडलेली असते. रुंद हँडलमुळे वळवायला जोर कमी लागतो, म्हणून कच्च्या रस्त्यावर ते हवेसे वाटते आणि साहसी गाड्यांवर ८०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बार असतात. पण महामार्गावर तासन्‌तास हात तेवढे पसरून धरायचे म्हणजे खांद्यांचे स्नायू सतत काम करत राहतात, छाती उघडी पडते आणि वारा थेट तिच्यावर येतो. वर सांगितल्याप्रमाणे काढलेल्या फोटोत आपली मनगटे एकमेकांपासून किती अंतरावर स्थिरावली ते मोजावे. ते अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडेच जास्त निघते. मुठीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर त्याच्या जवळ जाईल असा बार निवडावा. आपली उंची पाहता आताच्यापेक्षा २० ते ४० मिलिमीटर अरुंद बार आपल्याला मानवेल असा माझा अंदाज आहे. बारची दोन्ही टोके कापून तो अरुंद करता येतो, पण कापताना दोन्हीकडून सारखेच कापावे आणि मूठ, स्विच, लिव्हर व आरशाचा क्लॅम्प बसायला सरळ भाग पुरेसा उरतो का, ते कापण्याआधी सगळे भाग बारवर मांडून पाहावे. कापलेले परत जोडता येत नाही.

नुसते रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे क्लॅम्पखालचे ठोकळे, टाकून काम भागेल का, असे पुष्कळ जण विचारतात. भागते, पण रायझर फक्त जागा बदलतो, कोन बदलत नाही. फोर्क मागे झुकलेला असल्यामुळे त्याच रेषेत वर उचलणारा रायझर मुठी थोड्या मागेही आणतो : झुकाव २५ अंशांच्या आसपास असेल तर ३० मिलिमीटरच्या रायझरने मूठ सुमारे २७ मिलिमीटर वर आणि १२ ते १३ मिलिमीटर मागे येते. ज्यांचे मनगट सध्याच्या हँडलवर सरळच असते आणि फक्त पोहोच कमी पडते, त्यांच्यासाठी हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. आपल्यासारख्या ज्यांचा भार तळहाताच्या कडेवर येतो, त्यांना रायझरने थोडा आराम मिळतो आणि मूळ तक्रार काही दिवसांनी परत येते. फिरता सांधा असलेले, दोन टप्प्यांचे रायझरही मिळतात; त्यांच्यात बोल्टची संख्या वाढते आणि प्रत्येक जोड ढिला होऊ शकतो, म्हणून सामान लादलेल्या गाडीवर मी ते टाळतो.

व्यासाकडे आता वळतो, कारण चुकीच्या व्यासाचा बार विकत घेऊन परत करणारे नेहमी भेटतात. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांवर क्लॅम्पपाशी २२ मिलिमीटरचा, म्हणजे ७/८ इंची बार असतो. ॲल्युमिनियमचे जाड बार क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटर असून मुठीकडे निमुळते होत २२ मिलिमीटरवर येतात, आणि हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर परंपरेने एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा बार असतो, त्यामुळे त्यांच्या मुठी आणि स्विच आपल्याला चालत नाहीत. निमुळता बार घ्यायचा असेल तर २८.६ चे क्लॅम्प असलेले रूपांतर करणारे रायझर लागतात. ते वर उचलतातच, म्हणून बार निवडताना ती उंची आधीच वजा करावी, नाहीतर वीस-तीस मिलिमीटर जादा चढतात आणि मोजमाप वाया जाते.

पोलाद की ॲल्युमिनियम, यावर बराच वाद घातला जातो. टूरिंगसाठी दोन्ही चालतात. पोलादी बार स्वस्त असतो, जड असल्याने थरथर थोडी कमी पोहोचवतो आणि पडल्यावर बहुधा वाकतो, तुटत नाही. चांगल्या मिश्रधातूचा ॲल्युमिनियम बार हलका व ताठ असतो, पण तो एकदा वाकला की सरळ करून वापरायचा नसतो, कारण धातूला आतून थकवा आलेला असतो आणि पुढचा तडा सूचना न देता जातो. तीच गोष्ट छिद्र पाडण्याची. सध्याच्या स्विच बॉक्सच्या आत एक छोटी खुंटी असते आणि ती हँडलमधल्या छिद्रात बसून स्विच फिरू देत नाही. नव्या बारला ते छिद्र नसते. ॲल्युमिनियमच्या बारला छिद्र पाडण्याऐवजी खुंटी कानशीने घासून काढावी आणि स्विचच्या आत रबरी पट्टी घालून तो घट्ट आवळावा. पोलादी बारला छिद्र चालते, पण ते नेमके खुंटीच्या मापाचे असावे. आणि एक विनंती आग्रहाने करतो : कोणी गॅसवर तापवून हँडल वाकवून देतो किंवा जुन्या बारला वेल्डिंग करून पुलबॅक, म्हणजे मागचे वळण, वाढवून देतो म्हणाला, तर तिथून निघावे. असे हँडल मी उतरवले तेव्हा वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग दिसली होती. मुठी तेव्हाही नेहमीइतक्याच घट्ट वाटत होत्या, चालवणाऱ्याला काहीही जाणवले नव्हते.

थरथरीसाठी मुठीच्या टोकाला असलेली बार एंडची वजने काढून टाकू नयेत. नवा बार आतून वेगळ्या व्यासाचा असला तर ती बसत नाहीत, म्हणून जुन्या बारचा आतला व्यास मोजून ठेवावा. जाड जेल ग्रिप सगळ्यांना मानवत नाहीत. पंजा लहान असेल तर जाड मूठ धरायला बोटे जास्त आवळावी लागतात आणि पुढचा हात थकतो. मध्यम जाडीची मऊ रबरी मूठ आणि तळहातावर दुहेरी शिवण नसलेला हातमोजा, एवढे पुष्कळ आहे.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त काळजी ब्रेकच्या नळीची घ्यावी लागते. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, आणि आपल्या गाडीला ते दोन्ही चाकांवर आहे. अशा गाडीत पुढच्या ब्रेकची नळी मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ब्रेक फ्लुइडवर दाब आणणाऱ्या भागापासून, सरळ चाकाकडे न जाता आधी चासिसवर बसवलेल्या एबीएसच्या पंपाकडे जाते. मास्टर सिलिंडर उजव्या मुठीपाशी असते, आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवले की उजवी मूठ चासिसपासून सर्वांत दूर जाते. म्हणजे नळी सर्वाधिक ताणली जाण्याची जागा सरळ रस्त्यावर येतच नाही, ती पार्किंगमध्ये किंवा घाटातल्या वळणावर येते. एका साहसी गाडीवर दुसरीकडे बसवलेले ५० मिलिमीटरचे रायझर तपासायला आले होते. हँडल सरळ असताना नळी व्यवस्थित दिसत होती, आणि पूर्ण डावीकडे वळवल्यावर ती मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, कोन करून इतकी ताठ झाली की तिच्यावरचे रबरी आवरण पांढरे पडले. तिथे नळीला सुरकुती पडून एक दिवस गळती सुरू झाली असती. क्लच केबल डाव्या मुठीतून येते, म्हणून तिची कसोटी हँडल पूर्ण उजवीकडे वळवल्यावर होते. त्या वेळी लिव्हरचा मोकळा खेळ नाहीसा झाला तर क्लच प्लेटा घसरत राहतील. ॲक्सिलरेटरची केबल तपासण्यासाठी इंजिन गरम करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. आरपीएम जराही चढला तर केबल ओढली जात आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

लहान बदलात नळी आणि केबल वेगळ्या मार्गाने ओवून लांबी मिळते : क्लिपमधून सोडवणे, हेडलाइटच्या दुसऱ्या बाजूने नेणे, केबल टाय मोकळा करणे. तरी कमी पडली तर लांब नळी घ्यावी, ताणून भागवू नये. नळी बदलली की बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर नव्या घालाव्यात, टोपणावर लिहिलेल्या प्रतीचेच ब्रेक फ्लुइड वापरावे आणि हवा काढण्याचे काम एबीएसची माहिती असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे, कारण पंपात हवा शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅन टूलने पंप चालवूनच निघते. स्विचच्या वायरींचा जुडगा स्टिअरिंगच्या मानेपाशी चिमटला जात नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आरसीवर हँडलचे माप नोंदलेले नसते हे खरे, तरीही अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर प्रश्न विचारू शकतो. त्यामुळे उत्पादकाच्या अधिकृत ॲक्सेसरीमध्ये आपल्या मॉडेलसाठी योग्य मापाचे हँडल असेल तर त्याला पहिली पसंती द्यावी, बदल मूळ आकाराच्या जवळ ठेवावा, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि मूळ हँडल फेकून न देता घरी ठेवावे.

सामान आणि मागच्या माणसाचा विचार करून आणखी एक इशारा देतो. हँडल वर आणि मागे आले की आपले वजनही मागे सरकते आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. टॉप बॉक्स भरलेला असेल, मागे जोडीदार असेल आणि समोर उंच विंडशील्ड असेल, तर ताशी शंभरच्या आसपास पुढचा भाग हलका पडून गाडी डुलू लागू शकते, आणि रुंद हँडलवर घट्ट आवळलेले हात त्यात भर घालतात. म्हणून जड वस्तू टॉप बॉक्समध्ये न ठेवता साइड बॅगांत, खाली आणि पुढे ठेवाव्यात, मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, भाराप्रमाणे वाढवावा आणि टायरचा दाब दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतका ठेवावा. थोडे पुढे झुकलेले शरीर वाऱ्याला टेकते आणि त्या टेकण्याने हातांवरचा भार हलका होतो, हेही लक्षात ठेवावे. पूर्ण ताठ बसणे महामार्गावर वाटते तेवढे सुखाचे नसते. ज्यांना उभे राहून कच्चा रस्ता कापायचा असतो त्यांचे गणित वेगळे, त्यांना उंची लागतेच. आपला मार्ग जवळजवळ सगळा डांबरी आहे, त्यामुळे बसलेल्या स्थितीसाठीच हँडल निवडावे.

तेव्हा आपल्यासाठी माझा सल्ला असा. आधी आहे ते हँडल आणि लिव्हर वर सांगितल्याप्रमाणे लावून पुणे ते महाबळेश्वर असा जाऊन-येऊन एक दिवसाचा प्रवास करावा. त्यानंतरही बोटे बधिर झाली, तर २२ मिलिमीटर व्यासाचा पोलादी बार घ्यावा, ज्याच्या मुठी आताच्यापेक्षा साधारण २५ मिलिमीटर मागे, १० ते २० मिलिमीटर वर, थोड्या अरुंद आणि बाहेरच्या टोकाला कमी झुकलेल्या असतील. अचूक आकडे आपल्या फोटोंवरून ठरवावेत. एवढ्या बदलात बहुधा मूळ नळी आणि केबलच पुरतात, तरीही दोन्ही टोकांची तपासणी चुकवू नये. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळावेत. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो बहुतेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. क्लॅम्पच्या वरच्या व खालच्या भागांमधली पुढची फट आधी बंद करायची की दोन्हीकडे सारखी ठेवायची हेही मॅन्युअलप्रमाणे करावे, कारण क्लॅम्पची रचना गाडीगणिक बदलते. बोल्ट आवळून झाले की क्लॅम्प आणि बार यांच्यावरून जाणारी एक बारीक रेघ पांढऱ्या पेंट मार्करने ओढावी. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि गोकर्णच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा त्या रेघेकडे एक नजर टाकावी. ती तुटलेली दिसली तर बार क्लॅम्पमध्ये फिरला आहे, आणि तो आवळल्याशिवाय पुढे निघू नये.